उकळत्या पाण्याला मी थंड म्हणालो

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे. करंगळीएवढा, पितळी अंगाचा, पाठीवर दोन बारीक पिना. थायलंडमधल्या नान प्रांतात, डोंगरावरच्या एका गावाच्या पिकअप गाडीत माझं आयुष्य गेलं. इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात तोंड बुडवून बसायचं आणि ते किती तापलंय हे गाडीच्या मेंदूला कळवायचं, एवढंच माझं काम.

जन्म कारखान्यातला, हजारो भावंडांबरोबरचा, त्यात सांगण्यासारखं फार नाही. पण इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तो क्षण मी विसरलेलो नाही. शेजारी मिनिटाला शेकडो वेळा आग पेटत होती, विझत होती, आणि पाणी मुकाट्यानं ती धग उचलून नेत होतं. मी थक्क होऊन बघत राहिलो. मी ‘गार’ म्हटलं की मेंदू सैल हातानं पेट्रोल सोडायचा, ‘तापलं’ म्हटलं की हात आखडता घ्यायचा. एवढं मोठं धूड माझ्यासारख्या चिमुरड्याच्या शब्दावर चालतं, याची मला भीतीच वाटायची.

गाडी चालवायचा इंता. दहा वर्षं भिक्खू राहून संसारात परतलेला, म्हणून गावानं विश्वासानं त्याच्या हाती किल्ली दिली होती. आठवड्यातून दोनदा तो गावातल्या आजाऱ्यांना घाट उतरून इस्पितळात नेई. एका टाकीत पाच खेपा व्हायच्या. इंता बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, “शहाणी गं माझी बाई!” त्या कौतुकात माझाही वाटा होता.

मग एका वर्षी, एप्रिलात येणाऱ्या आमच्या नववर्षानंतर, माझ्या पिना बधिर व्हायला लागल्या. पाणी रटरटत असायचं आणि माझ्याकडून मेंदूला निरोप जायचा, ‘गार आहे.’ तो बिचारा पेट्रोल ओततच राहायचा. मला कळत होतं, पण ओरडायला तोंड कुठलं! टाकी तीन खेपांत रिकामी होऊ लागली.

एवढं पेट्रोल जातं कुठं? गावात कुजबुज सुरू झाली. शेवटी भर विहारात मुखिया दुआंग गरजले, “खरं सांग इंता, पेट्रोल गाडी पिते की तू?”

लोक हसले. इंता मान खाली घालून म्हणाला, “मी थेंबालाही हात लावलेला नाही, बाबा.”

“पौर्णिमेपर्यंत चालव. मग किल्ली इथं आणून ठेव.”

तोवर चोरी नको म्हणून टाकीच्या झाकणाला कुलूप बसवायचं ठरलं. मुखिया स्वतः शेजारी बसले आणि इंताच गाडी घेऊन खाली सेंगलाच्या गॅरेजात आला. आपल्यावरच्या संशयाचं कुलूप आणायला आपणच जायचं!

सेंगला चिकट भाताचा गोळा मिरचीच्या चटणीत बुडवून खात होती. गाडीचा आवाज ऐकून तिचा हात थांबला.

“कुलूप लावू हो, मुखियाबाबा. आधी बाई एवढी धाप का टाकतेय ते बघू द्या.”

तिनं धुराचा वास घेतला. प्लग काढला, तर तो काजळीनं काळाकुट्ट. मग तिनं गाडीच्या मेंदूला तपासणीचं यंत्र जोडलं आणि खो-खो हसत सुटली.

“इंताकाका, स्वेटर आणलाय का? ही म्हणतेय, इंजिनातलं पाणी सहा अंशावर आहे! इथं हात लावला तर कातडी सोलून निघेल, आणि ही थंडीनं कुडकुडतेय. असं कुडकुडणारं इंजिन पेट्रोल पिणार नाही तर काय करणार?”

हात, नाक आणि एक आकडा, एवढ्यावर तिनं माझं खोटं पकडलं. मित्रांनो, आगीनंतर मला कुणाचा इतका दरारा वाटला असेल तर त्या बाईचा!

तिनं मला बाहेर काढलं. पिनांवर हिरवा गंज होता, खाचेत शेंगेचं एक साल अडकलेलं. तिनं हुंगलं. “शिकेकाई? नववर्षाला आशीर्वादासाठी ओततात ते पाणी इंजिनावर कुणी ओतलं?”

इंता पटकन म्हणाला, “जाऊ दे गं पोरी. कुणीतरी मायेनंच ओतलं असेल.” त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी बॉनेट त्यानंच उघडून धरलं होतं.

मुखियांनी ते साल हातात घेतलं आणि पुटपुटले, “मीच ओतलं. गाडी गावाची एवढी सेवा करते, म्हटलं तिलाही आशीर्वाद द्यावा.” नवा सेन्सर बसला, आणि मला त्यांनी मागून घेतलं.

पौर्णिमेला गाव विहारात जमलं. इंतानं किल्ली आणली होती. मुखिया मला तळहातावर घेऊन उभे राहिले.

“गाडी मी बिघडवली आणि चोर इंताला ठरवलं,” ते म्हणाले. मग मला बाजूला ठेवून, इंतासमोर गुडघे टेकून त्यांनी हात जोडले.

आमच्याकडे धाकट्यानं थोरल्याला आधी हात जोडायचे असतात. मुखिया इंतापेक्षा वीस वर्षांनी मोठे. आपलं डोकं त्यांच्या हातांपेक्षा खाली राहावं म्हणून इंता जमिनीवर पालथाच पडला.

“उठा हो बाबा, मला पाप लागेल!”

“किल्ली खिशात टाक, मग उठतो.”

इंतानं रडत रडत किल्ली खिशात टाकली. आयुष्यभर मी आगीशेजारी बसलो, पण अशी धग कधी अनुभवली नव्हती.

मित्रांनो, माझ्यासारख्या बारक्या वस्तूंकडे अधूनमधून लक्ष देत जा. माझा गंज एका फडक्यानं पुसला गेला असता. माणसावरचा आळ पुसायला मात्र म्हाताऱ्या गुडघ्यांना अख्ख्या गावासमोर वाकावं लागलं.