उपाशी हातानं लिहिलेलं नाव

मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्हाला शाळा आठवते. मी शाळेतला नाही. मी सायकलच्या दुकानातला एक जुना फळा आहे. माझ्यावर कुणी कधी बेरीज-वजाबाकी केली नाही की सुविचार लिहिला नाही. माझ्यावर भाकितं लिहिली जात. सायकलच्या शर्यतीत घाट कोण जिंकणार, याची भाकितं.

म्हाताऱ्या झालेल्या वस्तूंनी नरम बोलावं अशी रीत आहे म्हणे. मला ती जमत नाही. माझ्या अंगावर एक नाव आहे. ते पुसायला पुष्कळांनी हात उचलला, पण मी ते पुसू दिलं नाही. त्याचीच ही गोष्ट आहे.

जन्मानं मी दार. निजामाच्या राजवटीत एका टांगेवाल्याच्या तबेल्याला मी लावलेला होतो. एकदा बिथरलेल्या घोड्यानं मला अशी लाथ हाणली की नालेची खूण आजही माझ्या उजव्या कोपऱ्यात आहे. पण सागवान होतो, फुटलो नाही. पुढं पोलीस ॲक्शन झाली, राजवट गेली. हळूहळू रस्त्यावरचे टांगे कमी झाले आणि सायकली वाढल्या. तबेला मोडला तेव्हा बद्रीनाथनं मला उचलून आणलं. आज ज्याला क्रांती चौक म्हणतात, त्याच्या जवळ त्याचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. पुंजाराम सुतारानं मला रंधा मारला. मग जुन्या सेलमधली काळी पूड आणि हिरवा पाला एकत्र वाटून मला फासला. नालेच्या खुणेवर रंधा फिरवायला गेला तर बद्रीनाथनं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे ती," तो म्हणाला. "घराण्याची वळख हाये त्याची."

त्या काळी दर हिवाळ्यात आपल्या भागात पगारी सायकलस्वारांची शर्यत होत असे. गिरण्या आणि कारखाने आपापले संघ उतरवत. शर्यत पुष्कळ दिवस चाले, रोज एक टप्पा. सपाटीच्या टप्प्याचं भाकीत कुणीही करील. घाट मात्र माणसाला आतून तपासतो. म्हणून बद्रीनाथच्या दुकानात चर्चा व्हायची ती दोनच टप्प्यांची, एक अजिंठ्याच्या घाटाचा आणि दुसरा दौलताबादचा. आदल्या संध्याकाळी बाकड्यावर मंडळी बसत, चहा होई, भजी होत, वाद होत आणि शेवटी एक नाव ठरे.

पण ठरलं म्हणजे लगेच लिहिलं, असं नव्हतं. आमच्या दुकानाचा एक नेम होता. भाकीत लिहायचं ते सकाळी, अंघोळ झालेल्या आणि अन्नाचा कण न घेतलेल्या हातानं. खरकट्या हाताचं भाकीत फळत नाही, असं बद्रीनाथचे वडील म्हणत. आणि लिहिलेलं नाव टप्पा संपेपर्यंत पुसायचं नाही. आता दुकानातल्या गड्यांना सकाळी उठल्याबरोबर चहा-पाव लागे. तेव्हा ते काम आपोआप बद्रीनाथच्या बायकोकडे, मनकर्णाबाईंकडे आलं. त्यांचा रोज काही ना काही नेम असायचाच. सोमवार, एकादशी, चतुर्थी, मार्गशीर्षातले गुरुवार. आवाज इतका हळू की दुकानात पंपाचा आवाज चालू असला तर ऐकू येत नसे. अक्षर मात्र टपोरं. त्या नाव लिहून निघून जात. नाव कुणाचं असावं, हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

माझं नाव मोठं झालं. फुलंब्रीहून बाजाराला आलेली माणसं वाट वाकडी करून मला वाचायला यायची. "बद्रीचा फळा काय म्हणतो?" असं हॉटेलात विचारलं जाई. मला थोडा गर्व झाला, हे खरं. घोड्याची लाथ खाल्लेल्यानं थोडा गर्व केला तर काय बिघडलं?

मग ते वर्ष आलं. त्या वर्षी मार्गशीर्ष आणि रमजान एकाच चंद्रानं सुरू झाले. आणि घाटाचे दोन्ही टप्पे लागोपाठ आले, बुधवारी अजिंठा आणि गुरुवारी दौलताबाद.

आमच्याच गल्लीतला मुबारक त्या वर्षी एका सोडा कारखान्याच्या संघातून उतरला होता. पहिलंच वर्ष. टिकला तर कायमची नोकरी. बारमाही पगार आणि दिवसभर सायकल, याहून जास्त त्याला जगाकडून काही नको होतं. मुबारक पाचही वेळा नमाज पढणारा, अंगानं काटकुळा. बद्रीनाथच्या भाड्याच्या सायकली दुरुस्त करून चालवून बघण्यात तो मोठा झालेला. मंगळवारी मंडळींनी एकमतानं त्याचं नाव ठरवलं, आणि बुधवारी सकाळी मनकर्णाबाईंनी ते माझ्यावर लिहिलं.

दुपार उलटल्यावर काकासाहेब आला. हा सोयगावच्या एसटीवरचा कंडक्टर. बातमी आणण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्यानं टोपी काढली तेव्हाच मला कळलं.

"गेला तुमचा वाघ," तो बाकड्यावर बसत म्हणाला. "अजिंठ्याच्या घाटात दुसऱ्याच वळणाला मागं पडला. माझी एसटी पण त्याच्या म्होरं गेली."

"तुझी एसटी? मंग लईच मागं पडला म्हणायचा," बद्रीनाथ म्हणाला. कुणी फारसं हसलं नाही.

"उपाशीपोटी घाट चढत्यात का कुठं," काकासाहेब म्हणाला. "पेट्रोलबिगर गाडी चालती का?"

ते माझं चुकलेलं भाकीत. ओल्या फडक्यानं मला पुसलं गेलं. मित्रांनो, पुसताना फडकं जरा जोरात फिरलं, एवढंच सांगतो.

संध्याकाळी मुबारक चाक सरळ करून घ्यायला आला. त्याच्या मागोमाग त्याच्या संघाचे मॅनेजर आप्पासाहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या डोक्यावरही मालक होता.

"मुबारक, उद्या रोजा धरू नको," ते म्हणाले. "अल्ला काय एका दिवसानं रागवत नाही."

"साहेब, अल्लाचं मला नाय माहीत. मला करमणार नाय."

"बरं, एक वेळ रोजा धर. पण जिंकलास तर वर बाटली तोंडाला लावावी लागेल. सोड्याचा कारखाना आहे आपला. घाटमाथ्यावर आपला गडी सोडा पितो, हाच फोटो छापून येतो. त्यासाठीच तर मालक पगार देतात."

"लावतो की, साहेब. मगरिबला लावतो."

"सूर्य बुडेपर्यंत फोटोवाला थांबतो का? आणि अंधारात काय, कंदील घेऊन फोटो काढायचा?"

बाकड्यावर हशा पिकला. मुबारकही हसला, पण मान हलवली नाही. जाताना आप्पासाहेब म्हणाले, "उद्या पुन्हा मागं पडलास, तर परवापासून येऊ नको." जिंकला तर बाटली आणि हरला तर घर. दोन्हीकडून नोकरी त्याच एका रोज्यावर येऊन अडली होती.

ते गेल्यावर मनकर्णाबाई आतून आल्या. पंप बंद होता, म्हणून त्यांचा आवाज मला ऐकू आला.

"मुबारक, बाळा, घाटात भूक कधी लागली?"

"भूक नाय लागली, काकू. पाय भरून आले. सोयगावपासून मलाच म्होरं ठेवलं ना. बाकीचे माझ्या आडोशाला, अन् सगळ्यांचा वारा मी खाल्ला. पाण्याचा घोट नाय, पण वारा पोटभर."

"उद्याचा टप्पा केवढा आहे?"

"छोटा हाये. सकाळीच निघायचं, दौलताबादवरून घाट, अन् वर खुलताबादच्या दरवाज्याशी संपला."

त्या मान डोलावून आत गेल्या. इकडे मंडळींनी दौलताबादसाठी दुसरं नाव ठरवलं. एका गिरणीचा धिप्पाड गडी, रोज डझनभर अंडी खाणारा. सगळ्यांना पटलं.

गुरुवारी सकाळी मनकर्णाबाई आल्या. केस ओले, कपाळाला ताजं कुंकू. आत महालक्ष्मीचा कलश मांडून झाला होता. देवीपुढच्या साखरेच्या पाण्याची वाटी त्यांच्या हातात होती. त्यांनी खडू त्या पाण्यात बुडवला आणि माझ्यावर लिहिलं: मुबारक.

बद्रीनाथ चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि उभाच राहिला.

"अगं, रात्री ठरलं एक, तू लिवलं एक."

"ठरवलं तेव्हा तुम्ही सगळे भजी खाऊन बसला होतात."

"लोक काय म्हणतील?"

"अहो, उपास दुपारनंतर बोचतो. सकाळी उपाशी माणसाएवढं हलकं कुणी नसतं. मी जन्मभर करतेय, मला विचारा की. काल त्याला उपासानं नाही, वाऱ्यानं पाडलं."

तेवढ्यात शर्यतीच्या जीपमधून आप्पासाहेब उतरले. मला वाचलं आणि त्यांचा चेहरा आंबला. "पुसा ते," ते म्हणाले. "त्या पोराला खोटी आशा लागते, आणि माझी चेष्टा होते." कुणी हलेना, तेव्हा त्यांनी स्वतःच रुमाल काढून माझ्यावर फिरवला. पण साखरेच्या पाण्यातला खडू एकदा वाळला की कोरड्या रुमालाला दाद देत नाही. मी तर मुळीच देणार नव्हतो.

मनकर्णाबाई मधे येऊन उभ्या राहिल्या. आवाज नेहमीसारखाच हळू.

"दादा, या दुकानात उपाशी हातानं लिहिलेलं सगळे खरं मानतात. मग उपाशी पायांवरच भरवसा का नसावा?"

आप्पासाहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. जीप निघून गेली.

मित्रांनो, फळ्याला पाय नसतात. शर्यत तिकडे आणि मी इथे खिळ्याला. ऊन माझ्यावर चढत गेलं. येणारे-जाणारे मला वाचून हसत. एकानं विचारलं, "कालचं पुसायचं ऱ्हायलं का, बद्रीशेठ?" बद्रीनाथनं मान वर न करता पंक्चर काढणं चालू ठेवलं, पण म्हणाला, "कालचं न्हाय. आजचंच हाये ते." त्या वेळी मला तो फार आवडला.

काकासाहेबाची ड्यूटी त्या दिवशी कन्नडच्या गाडीवर होती. तो आला तो पायऱ्या चढायच्या आधीच दारातल्या मनकर्णाबाईंना सांगत आला.

"शर्यतीसाठी गाडी अडवली, म्हणून मी टपावर चढलो, वहिनी. सगळं दिसलं. तो अंडीवाला म्होरं, अन् आपला त्याच्या पाठीला चिकटलेला, पोर आईला चिकटतं तसा. वारा त्याला खाऊ दिला. शेवटच्या वळणाला असा सुटला, असा सुटला... दरवाज्याशी पोहोचला तवा मागं कुणीच नाय."

बद्रीनाथनं हातातली ट्यूब खाली ठेवली. "अन् बाटली?"

काकासाहेब खाली बसला. "आप्पासाहेबांनी गोटी दाबून बाटली फोडली. फेस आला. फोटोवाला तयार. म्हणले, नुसती ओठाला लाव, गिळू नको. मुबारक म्हणला, साहेब, ओठ पण माझेच हायेत. मंग आप्पासाहेब म्हणले, बाटली धर, नायतर सायकल ठेव. त्यानं सायकल दरवाज्याच्या भिंतीला नीट टेकवली. सीट बाहीनं पुसली. अन् निघाला."

"कुठं?"

"घाट उतरून. मी म्हणलो, गाडीत बस. म्हणला, उतार हाये, चालतो."

मुबारक आला तो दिवेलागणीच्या जरा आधी. दौलताबादपर्यंत पायी, तिथून पेरूच्या टांग्यात. टांगेवाल्यानं दिलेला पेरू त्याच्या हातात तसाच होता. आत मनकर्णाबाईंची संध्याकाळची पूजा चालू होती. देवीपुढच्या पाच फळांत एक कमी पडत होतं. त्यांनी काही न विचारता तो पेरू घेतला आणि कलशापाशी ठेवला. आरती झाली. थोड्या वेळानं मशिदीतून अजान आली. मग त्यांनी तोच पेरू चिरला आणि पाण्याचा तांब्या आणला. दोघं माझ्याखाली बसली, एक बाकड्यावर आणि एक उंबऱ्यावर. दोघांचाही दिवसभराचा उपास होता, आणि दोघांनी तो एकाच पेरूवर सोडला.

"नोकरी गेली, काकू," मुबारक खाता खाता म्हणाला.

"हो," त्या म्हणाल्या. "मीठ लाव त्याला, तुरट आहे."

मग मुबारकनं वर माझ्याकडे बघितलं. स्वतःचं नाव वाचलं. खूप वेळ वाचत होता, एवढंसं तर नाव.

त्याला कुणी पुन्हा संघात घेतलं नाही. तो बद्रीनाथच्या दुकानात आला आणि पुढं दुकानच त्यानं सांभाळलं. शर्यत काही वर्षं चालली, मग बंद पडली. मुबारकचं नाव पुसायला पुष्कळ जण ओलं फडकं घेऊन आले, पण मनकर्णाबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. दर घाटाचं नवं नाव त्याच्याखाली लिहिलं गेलं, ते त्यांच्याच मतानं. काही खरी ठरली, काही चुकली. चुकलेल्यांनी माझं काही वाकडं केलं नाही.

आता बद्रीनाथ नाही, मनकर्णाबाई नाहीत, मुबारकही नाही. दुकानासमोर मोटारींची रीघ लागते. नव्या माणसानं माझ्यावर तेलाच्या रंगात "येथे हवा मिळेल" असं रंगवलं. आता मला काढून दारापुढच्या गटारीवर टाकायचा बेत आहे, गिऱ्हाइकांना ओलांडायला सोपं पडावं म्हणून. टाका. घोड्याचा पाय सोसला, माणसांचेही सोसीन. पण सकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हा जरा माझ्यापाशी थांबा. रंगाखालून ती साखरेतली अक्षरं अजून वर उठून दिसतात. बोट फिरवलंत तर लागतात.

घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी असंच एकदा बोट फिरवून बघत जा. आणि कुणी घाट चढायला निघालं असेल तर त्याचं हरणं आधीच लिहून मोकळं होऊ नका. मनकर्णाबाई दर गुरुवारी कहाणीच्या शेवटी म्हणत, उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. मी थोडा उतलो असेन, थोडा मातलोही असेन. वसा मात्र टाकलेला नाही. गटारीवर टाकतानाही मला नावाची बाजू वर ठेवूनच टाका. ज्याला ओलांडायचं असेल, त्यानं ते वाचून ओलांडावं.