बोट उचललं की अक्षर

दुपारच्या शांततेत चमचा फरशीवर पडला आणि खण्णकन वाजला. प्लास्टरच्या आत खाजत होतं म्हणून तिने तो चमचा उलटा धरून कोपराकडून आत सरकवला होता. तो निसटला, टेबलाच्या पायावर आपटला आणि जमिनीवर गरगरत राहिला. शेजारच्या खोलीत भिंगरी कुशीवर वळली. थांबली. मग उठून बसल्याचा आवाज आला.

झालं. पोरगी झोपली की मिळणारा तेवढाच तास, तोही एका चमच्याने घालवला.

ती दारावरच्या पाट्यांची नावं टाइप करायची. पाटीवाले काका कागद आणून द्यायचे, ती घरी बसून नावं उतरवायची, आणि काका त्यांच्या यंत्रावर ती पितळेत कोरायचे. या वेळी नव्या इमारतीचं काम होतं. राहायला आलेली माणसं देशोदेशीची. कुणाच्या नावात अक्षरावर दोन टिंबं, कुणाच्या डोक्यावर तिरकी रेघ, कुणाच्या पोटाखाली शेपूट. त्या नावांचा उच्चार ना तिला यायचा, ना काकांना. काकांचा नियमच होता: आपण वाचायचं नाही, बघायचं.

ही अक्षरं काढायची रीत तिच्या बोटांत बसली होती. डाव्या हाताने ऑल्टचं बटण दाबून धरायचं, उजव्या हाताने बाजूच्या आकड्यांवर त्या अक्षराचा नंबर मारायचा आणि मग ऑल्ट सोडायचा. आकडे मारताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही. बोट उचललं की अक्षर येतं. पण ती जिन्यावरून घसरल्यापासून डावा हात गळ्यात अडकवलेला, आणि उजव्या बाजूचा ऑल्ट तर कधीचाच मेलेला. ऑल्टवर डबी ठेवून पाहिली, ती घसरून शेजारचं बटण दाबायची. हनुवटीने दाबून पाहिलं, तर स्क्रीन दिसेना. दुसरीकडून उचलून चिकटवलेलं अक्षर काकांच्या यंत्रात गेलं की नुसता चौकोन व्हायचं.

सासूबाई म्हणाल्या होत्या, एका हाताने टाळी वाजत नाही, उगाच हट्ट नको. काकाही म्हणाले होते, हात बरा होईपर्यंत भाचा करेल की. पण एकदा भाच्याकडे गेलेलं काम परत येतं थोडंच? आणि ते गेलं तर पुन्हा जुनं ऑफिस, सकाळी जायचं ते दिवे लागल्यावर यायचं, आणि भिंगरी दिवसभर पाळणाघरात. म्हणून तिने छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, जमेल. कसं, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

भिंगरी डोळे चोळत आली आणि न विचारता मांडीवर चढली. आई काय करते आहे ते थोडा वेळ बघत राहिली. मग तिने आपलं बोट त्या बटणावर ठेवलं.

"हे धरू?"

असं ते सुरू झालं. आई म्हणायची "धर", आकडे मारायची, म्हणायची "सोड". पोरगी श्वास रोखून धरायची आणि सोडताना हात असा वर उडवायची की जणू पाखरू सोडलं. अक्षर आलं की दोघी एकमेकींकडे बघायच्या. दोन दिवसांत तळमजला संपला, मग पहिला.

एकदा भिंगरीला आकडे संपेपर्यंत धीर निघाला नाही. अक्षराचा नंबर होता एकशे तीस; एक आणि तीन मारून झाले होते, शून्य यायचं होतं, तोच तिने बोट उचललं. स्क्रीनवर गाण्यातल्या सुराची खूण उमटली, काळं टपोरं डोकं आणि त्याला दांडी. नुसत्या एकावर सोडलं तर हसरा चेहरा येतो, हेही मग कळलं. पोरीला घबाडच मिळालं. पुढची दुपार खोड्या खोडण्यातच गेली. आई रागवायची, पण हसू दाबून रागवणं म्हणजे पाण्यात रेघ मारणं.

शेवटच्या दिवशी सगळी नावं कागदाशी ताडून झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका नावात तेवढी तिरकी रेघ राहिली होती. ती घालत असतानाच बेल वाजली. काका आले होते. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, दार." तिने शून्य मारलं, सेव्ह केलं, फाईल पाठवली आणि उठली. बेल वाजताच भिंगरीने बोट उचललं होतं, शून्याच्या आधीच. हे मात्र तिने पाहिलं नाही.

चार-पाच दिवसांनी काका पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेली एक पाटी होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली. पितळ झकास चमकत होतं. नावाच्या मधोमध, जिथे अक्षर हवं तिथे, गाण्याचा सूर कोरला होता आणि त्याच्या मागे एक उपरं शून्य.

तिला ती बेल आठवली.

काका मात्र कपाळाला हात लावून यंत्रालाच शिव्या घालत बसले. म्हातारं झालंय, काहीही कोरतं, आता दुरुस्तीवाल्याला बोलवायचं म्हणजे दोन दिवस काम बंद. यंत्राचाच दोष, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. तिने नुसतं "हो ना" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. चहा ठेवते म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

"काका, यंत्र ठीक आहे," ती म्हणाली. "ऑल्ट भिंगरी धरते. तिने आधी सोडला."

काकांनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी आईच्या मागे सरकली.

"म्हणजे माझ्या पितळेची वाट या टिचभर बोटाने लावली म्हणायची."

"नाही," ती म्हणाली. "सेव्ह मी केलं. न बघता."

काका बराच वेळ पाटी उलटीसुलटी करत राहिले. मग म्हणाले, दाखव बघू कसं ते. भिंगरी मांडीवर बसली, बोट ठेवलं. या वेळी ती तीनदा विचारून घेत होती, सोडू? आता सोडू? एक, तीन, शून्य. बोट उचललं. डोक्यावर तिरकी रेघ घेऊन अक्षर हजर.

"भाच्याचं काही चुकलं की तो लाईट गेली म्हणतो," काका म्हणाले. "लाईट गेलेली नसतानाही." त्यांनी पिशवीतून पुढच्या इमारतीचे कागद काढले आणि कीबोर्डशेजारी ठेवले. बजावलं मात्र, की बेल वाजली तर पाहुणा दारात ताटकळला तरी चालेल, आधी पुन्हा बघायचं. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला आणखी एक दिवस बिनपाटीचं राहू दे. दुरुस्तीवाल्याचं झंझट वाचलं, या खुशीत चहा दोनदा घेऊन ते गेले. बिघडलेली पाटी तिथेच राहिली.

सासूबाई कप उचलताना म्हणाल्या, "बोलायची गरज नव्हती." मग थोड्या वेळाने, "बरं केलंस."

तिने कागद उलगडले. पहिल्याच नावावर दोन टिंबं होती. "ये गं," तिने हाक मारली. भिंगरी आली नाही. ती टेबलावरची पाटी खाली घेऊन पितळेवरून बोट फिरवत होती. एकेका अक्षरावरून जात ती मधल्या सुरापाशी थांबली, त्याच्या टपोऱ्या डोक्यावर बोट ठेवलं आणि मान वर केली.

"आई, माणसांच्या खऱ्या नावात गाणं का नसतं?"