पुढची रिकामी जागा

निकिताला रीत म्हणून नाही. सख्खी नात आहे, तरी सांगते. आपल्याच आजीला खुर्चीत डांबून ठेवते, धुतलेली पांढरी चादर खिडकीला बांधते, ट्यूब बंद करते आणि वर म्हणते, "आजी, चेहऱ्याच्या एका बाजूला थोडी सावली हवी." सावलीत बसायला का आम्ही नाशिक रोडला दोन खोल्या घेतल्या?

आधी तिनं कॅमेरा पार तोंडाशी आणला. मग त्याच्या पडद्यात बघून नाक मुरडलं. "पस्तीसच्या लेन्सनं जवळून घेतलं की नाक फार मोठं येतंय."

"मोठंच हाय," मी म्हणाले. "या घराचं नाक मीच हाय."

"हो गं बाई. पण पंच्याऐंशीची लावून लांबून घेतलं की चेहरा आहे तसा दिसतो."

लांबून म्हणजे किती, तर मागे सरकत सरकत थेट माझ्या ओट्याला टेकली. गॅसवर दूध होतं, त्याची शुद्ध नाही.

पोरीच्या जिवाला घोर होता, ते मला दिसत होतं. रोहित म्हणून तिच्या कामावरचा मालक आहे. लग्नाचं शूटिंग करतो, आता खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेणार आहे. तो म्हणाला होता, "संध्याकाळपर्यंत एक मुलाखत करून पाठव. माणूस जिवंत वाटला, तर कळवणच्या मुलाखतींना कॅमेरा तुझ्या हातात. नाहीतर आहेच लाइट धरणं." आजवर लोकांच्या लग्नांत तिनं लाइटच धरला.

पण कॅमेऱ्यापुढे माझं तोंड उघडेना. पदर सारखा केला, ताठ बसले, समोर बघत राहिले.

"आजी, हार घातलेल्या फोटोसारखी काय बसतेस?"

"मंग काय नाचू?"

तिनं पडदा दाखवला. मी एका कडेला, आणि पुढे ही एवढी जागा मोकळी. "इथं काय म्हैस बांधायची?"

"तू जिकडे बघतेस तिकडे जागा सोडावी लागते. नाहीतर नजर भिंतीवर आपटल्यासारखी दिसते."

"मधी बसव मला. मालकीण हाय मी घरची."

"नाही."

मला तोंडावर नाही म्हणणारं माणूस या घरात अजून झालं नव्हतं.

मग तिनं डाव टाकला. खालच्या मजल्यावरून सिंधुबाईला घेऊन आली. ही माझी धाकटी जाऊ. आमचं जन्मात पटलं नाही. तिला कॅमेऱ्याच्या अलीकडे, एका बाजूला स्टुलावर बसवलं आणि प्रश्न विचारायचं काम तिच्याकडे दिलं.

"बाई, लय नटल्या की!" सिंधुबाई आधीच हसायला लागली. "नात इचारती, ल्हानपणी तुम्हाला काय व्हायचं व्हतं?"

असं मला कुणीच विचारलं नव्हतं. मी गप्पच बसले असते. पण ती हसत होती ना!

"कंडक्टर," मी म्हणाले.

"या बया! एसटीत?"

"मंग काय इमानात? चांदवडच्या स्टँडवर आईसंगं भाजी इकायला बसायचे मी. डायवर एवढा मिशीवाला, पण कंडक्टरनं दोरी वढल्याबिगर गाडी हालत नव्हती. तिसरीतून काढली मला अन् लगीन लावलं. नायतर…"

"नायतर काय? समद्या पाशिंजरांना शिव्या घातल्या असत्या तुम्ही!"

"तुला तर राहूडच्या घाटात उतरवली असती! अन् मंग अशी डबल दिली असती…" माझा हात आपोआप वर गेला आणि मी दोरी दोनदा ओढली. "टिंग टिंग!"

सिंधुबाई पोट धरून हसली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "हे कधी बोलल्या नाय, बाई."

"तू कधी इचारलं?"

संध्याकाळी निकितानं आम्हा दोघींना ते दाखवलं. खिडकीचा उजेड गालावर, दुसरी बाजू सावलीत, कपाळाची एकेक आठी जागेवर. मी एवढी रुबाबदार असेन असं मलाही वाटलं नव्हतं. आणि तो हात! बरोबर त्या रिकाम्या जागेत वर गेला. मधे बसवलं असतं, तर मनगटापासून तुटला असता. दोरी काही नव्हती तिथे, पण मला दिसली. सिंधुबाईनं तर मान वर करून बघितलं.

रोहितचा फोन आला. निकिता नुसती "हो सर, हो सर" करत राहिली आणि फोन ठेवून रडायला लागली. मंगळवारी कळवण. कॅमेरा तिच्याकडे.

माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी काय म्हणते याची वाट बघत होती.

"निके," मी म्हणाले, "चादर परत धू. ओटा पूस, दूध सांडलंय. अन् कडेला बसवलंस मला, ते बराबर केलंस." मी हात वर करून दोरी ओढली. "डबल! जाऊ दे तुझी गाडी."