गाळलेलं तळं

आमच्या आईचा पाण्यावर भारी संशय. नळाचं असो नाहीतर विहिरीचं, दुपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय थेंबसुद्धा हंड्यात पडायचा नाही. कोणी हसलं की म्हणायची, "डोळ्यांना दिसत नाही, पण पोटाला सगळं कळतं." फडकं धरायचं काम माझं. वडील लवकर गेले, घरात आम्ही दोघीच.

आणि मी शिकायला गेले कुठे, तर परदेशात, तळ्याचं पाणी तपासायला! आई म्हणाली, "अगं, घाण पाणी बघायला एवढ्या लांब कशाला?" पण सोडायला आली तेव्हा माझ्यापेक्षा तिचीच मान ताठ होती.

प्रयोगशाळेच्या मॅडमना आम्ही टिटवी म्हणायचो, कारण त्यांचा आवाज दोन मजले खाली ऐकू जायचा. त्यांनी आल्याआल्या सांगून टाकलं, "मागच्या तळ्यातलं पाणी आणा आणि त्यातले जीव मोजा. ज्याचं काम चोख, त्यालाच इथे जागा. बाकीच्यांनी घरचा रस्ता धरावा." खरं सांगते, घराच्या आठवणीने जीव नुसता कासावीस व्हायचा. पण असं हात हलवत परत जाऊन आईला तोंड कसं दाखवणार?

मी बाटली भरून आणली, सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला. काही नाही. दुसरा थेंब, तेच. मॅडम आल्या, त्यांनी माझा कागद वाचला.

"तळ्यात जीवच नाहीत? मग ती बदकं काय हवा खाऊन जगतात?"

सगळे फिदीफिदी हसले. मग मॅडमनी आवाज खाली आणला, आणि ते जास्त वाईट होतं. "बाटली नळावर भरलीस ना?"

माझं डोकंच फिरलं. मी आळशी असेन, वेंधळी असेन, पण खोटारडी? "चला माझ्याबरोबर," मी म्हटलं. "तुमच्यासमोर भरते."

तळ्यावर बोचरा वारा होता. मॅडम हात खिशात घालून उभ्या राहिल्या. मी वाकले, हातातलं भांडं पाण्यात बुडवलं, ओढणीचं टोक दुहेरी करून बाटलीच्या तोंडावर धरलं आणि पाणी ओतायला लागले.

"थांब! हे काय चाललंय?"

"गाळतेय," मी म्हटलं, आणि माझा हात तिथेच थबकला. अगं बाई! तपासायचं पाणी कोणी गाळतं का?

मॅडमनी ओढणी काढून घेतली, आत नेली, ते टोक उलटं करून काचेच्या थाळीत खळबळलं आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. बघते तर पाण्यातले ते बारीक जीव, पाणपिसवा, नुसत्या उड्या मारतायत! पारदर्शक अंगं, आत धडधडणारी एवढीशी काळजं. मला आईची इतकी आठवण आली की दिसेनासं झालं. जन्मभर ज्यांच्याशी भांडली, ते तिने कधी पाहिलेच नव्हते. हाताला धरून तिला त्या स्टुलावर बसवावंसं वाटलं.

"कोणी शिकवलं हे?" मॅडमनी विचारलं.

"आईने."

"चांगलं शिकवलंय. आता न गाळता आण."

ते पाणी मी मान मोडेपर्यंत मोजलं. मॅडमनी पुन्हा मोजून पाहिलं आणि म्हणाल्या, "जागा तुझी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र भोकाड पसरलं. त्यांना वाटलं, आनंदाने रडतेय. थोडा आनंदही होता, नाही कसं म्हणू.

संध्याकाळी आईला फोन लावला. ओढणीचा किस्सा ऐकून ती खो खो हसली. जागा मिळाल्याचं कळल्यावर तिने तिथूनच शेजारच्या काकूंना हाक मारून सांगितलं. मग मला म्हणाली,

"म्हणजे आता लवकर येणार नाहीस."

"नाही गं."

"बरं," ती म्हणाली. "चांगलं झालं."

बोलणं तिथेच संपलं. पण तिने फोन ठेवला नाही, आणि मीही नाही.