डॉक्टरीणबाईंचा डावा पाय

दातांचा दवाखाना बंद केला त्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी हौसेनं एक दोन सीटची लाल स्पोर्ट्‌स कार घेतली. जुनीच होती, पण तोरा नव्या नवरीचा. त्याला आता नऊ वर्षं झाली. मंगळवारी सकाळी तीच गाडी आचके देत पानाताईच्या गॅरेजपाशी आली आणि दारातच बंद पडली.

पानाताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. वडिलांमागे तिनं गॅरेज सांभाळायला घेतलं, तेव्हापासून तिच्या हातातला पाना कुणी खाली ठेवलेला पाहिला नव्हता, म्हणून गल्लीनंच तिचं असं बारसं केलं होतं.

"गाडीला काही झालेलं नाही हो," बाई दार धरून उतरत म्हणाल्या. "माझाच पाय कामातून गेलाय. गुडघा बदलून घेतला, तरी क्लच दाबवत नाही. सोडताना पाय थरथरतो आणि गाडी उडी मारते. परवा आमच्याच फाटकाला धडकले. एवढा बंपर सरळ करून द्या. विकूनच टाकते."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी टपावरची धूळ तळहातानं पुसली.

मागोमाग त्यांचा मुलगा आपल्या गाडीतून आला होता. आई हात धुवायला आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "ताई, एक काम करा. ही गाडी आता दुरुस्त होण्यातली नाही, असं सांगा तिला. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. ती गाडी घेऊन बाहेर पडली की माझा जीव टांगणीला लागतो हो."

पानाताईला त्याचा राग आला नाही. माणूस खरोखरच घाबरलेला होता. पण न तपासता निदान सांगणं तिच्या रक्तात नव्हतं.

"आधी गाडी बघते," ती म्हणाली. "मग जे असेल ते सांगते."

ती आत बसली. क्लचवर पाय ठेवला आणि चमकली. दिवसभर गंजलेल्या नटांशी झटापट करणारी ती, पण तिलाही दात-ओठ खाऊन पेडल दाबावं लागलं. सोडलं तर आरशापासून सीटपर्यंत सगळी गाडी हुडहुडी भरल्यासारखी कापली. गाडी बाहेर नेऊन चढावर चौथा गिअर टाकला, तर इंजिन नुसतंच ओरडत राहिलं, वेग काही वाढेना. परत येऊन चावी फिरवून इंजिन बंद केलं, तसा खालून खडखड आवाज आला, डब्यात कुणी खिळे हलवावेत तसा.

"बाई, क्लच जड कधीपासून लागतोय?"

"ऑपरेशनच्या आधीपासून. तेव्हा गुडघा दुखायचा ना, त्यामुळे."

"आणि ऑपरेशननंतर?"

"नवा गुडघा अजून रुळला नसेल, म्हटलं."

"म्हणजे आधी जुन्या गुडघ्याला बोल लावला आणि मग नव्याला!" पानाताई हसली आणि मुलाकडे वळली. "तुमचे दोन्ही गुडघे शाबूत आहेत ना? बसा बघू. आवारातच एक फेरी मारा."

त्यानं पहिल्यांदा क्लच सोडला, तशी गाडी बेडकासारखी उडाली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ती जागच्या जागी बंद पडली. उतरला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"आई, तुला रोज असंच होतं?"

"रोज," बाई म्हणाल्या. "पण मला वाटायचं, मीच म्हातारी झाले."

मुलानं चावी पानाताईच्या हातात ठेवली. मग त्यानं विचारलं, "ताई, किती दिवस लागतील?"

सामान यायला दोन दिवस गेले. शुक्रवारी पानाताईनं शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातल्या नवऱ्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून गिअरबॉक्स खाली उतरवला. क्लचप्लेट इतकी झिजली होती की तिचे रिव्हेट उघडे पडले होते. तिच्या मागचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणारं ते जड चाक, उष्णतेनं निळं पडलं होतं आणि त्यावर केसासारख्या बारीक चिरा गेल्या होत्या. त्याचे दोन भाग आतल्या स्प्रिंगांनी एकमेकांना घट्ट धरून असायला हवेत. इथं हातानं हलवले तरी ते खुळखुळ्यासारखे वाजत होते.

स्टुलावर बसून पाहणाऱ्या बाईंनी चष्मा चढवला. "हा दात तर मुळापर्यंत किडलाय," त्या म्हणाल्या. "यात आता काही भरण्यात अर्थ नाही. काढायलाच हवा."

नवं फ्लायव्हील बसलं. पानाताईनं नवे बोल्ट समोरासमोरचे घेत, टप्प्याटप्प्यानं आवळले. मग नवी क्लचप्लेट लावली. गिअरबॉक्स वर चढवला, पण शेवटचं बोटभर अंतर काही मिटेना.

"बोल्टनं ओढून घेऊ," घामाघूम नवरा म्हणाला.

"नको. नव्या प्लेटचा निकाल लागेल."

"अगं, तासभर झाला!"

"मग आणखी एक होऊ दे."

गिअरबॉक्स पुन्हा खाली आला. प्लेट मध्यापासून जराशी सरकली होती. तिनं ती सैल केली, नीट मध्यावर आणली, पुन्हा आवळली. या वेळी गिअरबॉक्स खट्‌कन जागेवर बसला. नवऱ्यानं हुश्श करत बाईंच्याच स्टुलाला टेका दिला.

दुपारी चारला बाई गाडीत बसल्या. शेजारी मुलगा, दोन्ही हातांनी सीट धरून. बाईंनी सवयीनं सगळं अंग लावून पेडल दाबलं, आणि ते इतकं अलगद खाली गेलं की त्यांनी वाकून पायाकडे पाहिलं. पाय थोडा कापत होता. तो मात्र भीतीनं.

"सावकाश सोडा," पानाताई खिडकीतून म्हणाली. "आता ती तुमचं ऐकेल."

गाडी हलली. आचका नाही, थरथर नाही. कोपऱ्यावरच्या चढावर बाईंनी ती मुद्दाम थांबवली, श्वास घेतला आणि पुन्हा काढली. गाडी इंचभरही मागे आली नाही.

परत आल्यावर त्यांनी गुडघा चोळला. "लांबच्या पल्ल्याला दुखेल हा," त्यांनी कबूल केलं. "अर्ध्या तासानं थांबत जाईन. चालेल ना रे?"

"चालेल," मुलगा म्हणाला. मग जरा घुटमळून, "आई, मला शिकवशील ही चालवायला?"

बाईंनी लगेच त्याला उतरायला लावलं आणि त्या स्वतः पलीकडच्या सीटवर जाऊन बसल्या. "ये. आणि क्लचवर पाय हळू हं. दाढ उपटायची नाहीये."