तक्रारीची नोंद नाही

केक कापायला सुरी सापडेना, तेव्हा साहेबांनी टेबलावरची प्लॅस्टिकची पट्टी उचलली, पँटला पुसली आणि क्रीमनं काढलेल्या शून्यातून आरपार ओढली. ते शून्य त्यांनीच मुद्दाम सांगून काढून घेतलं होतं. शून्य म्हणजे कंपनीचं सॉफ्टवेअर या वर्षात एकदाही अचानक बंद पडलेलं नाही. वर्षअखेरीपर्यंत ते टिकलं की साहेब वरच्या मजल्यावर जाणार होते, जिथं केबिनला खिडकी होती आणि खिडकीला पडदा. साहेब वर गेले की त्यांची खुर्ची त्यांच्या हाताखालच्या ताईची. म्हणजे शून्यात दोघांची भागी होती. साहेबांचा वाटा मोठा, ताईचा लहान. पण जीव दोघांचा सारखाच अडकलेला.

साहेबांनी पट्टीला लागलेलं क्रीम बोटानं निपटलं, बोट चाटलं आणि त्याच बोटानं एक तुकडा ताईच्या ताटलीत ढकलला.

“घ्या, ब्रेक,” ते म्हणाले. “हे सगळं तुमच्यामुळेच.”

ब्रेक हे ताईचं साहेबांनी ठेवलेलं नाव. तिनं ते कौतुक म्हणून घेतलं होतं. तुकड्याच्या कडेला बोटाचा ओला ठसा होता. तिनं दुसऱ्या बाजूनं चमचा घातला आणि खाल्लं.

कंपनीचं सॉफ्टवेअर इस्पितळांच्या प्रयोगशाळांत चालायचं. तळमजल्यावर रक्त तपासलं की निकाल वरच्या वॉर्डातल्या पडद्यावर उमटायचा, एवढंच त्याचं काम. पण अधूनमधून त्यात सुधारणा व्हायच्या, आणि सुधारलेली आवृत्ती चढवताना धड चाललेलंही बिघडायची भीती असायची. ताई यायच्या आधी नवी आवृत्ती सगळीकडे एकदम चढायची आणि बिघडली की सगळीकडून एकदम बोंब यायची. ताईनं शिस्त लावली. आधी एकाच इस्पितळात चढवायची आणि दिवसभर नजर ठेवायची. सुरळीत चाललं तर बाकीच्यांकडे, नाहीतर लगेच जुनी परत. धोका लहान करून घ्यायचा, असं ती म्हणायची, आणि ते म्हणताना तिचा आवाज जरासा वर चढायचा.

पहिलं इस्पितळ पाळीपाळीनं बदलावं, असं तिच्या योजनेत होतं. साहेबांनी तेवढं बदललं. पहिला मान तक्रार न करणाऱ्याला. मोठी इस्पितळं लाथा झाडत. पडदा जरा अडखळला तरी त्यांचा फोन थेट मालकांना जाई. छोटी मुकाट्यानं उभी राहत. ऑफिसात त्यांना गायी म्हणत. आणि सॉफ्टवेअर बंद पडलं हे ठरायचं आलेल्या तक्रारीवरून. तक्रार नाही, तर बंद नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ताईला खटकलं होतं. पुढं पुढं बैठकीत “या वेळी गाय कुठली?” असं तीच विचारू लागली.

केकला हात न लावलेला एकच माणूस खोलीत होता. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी ती तपासणं हे त्याचं काम, आणि प्रत्येक आवृत्तीत त्याला काही ना काही खुपायचंच, म्हणून त्याचं नाव शंकासुर पडलं होतं. आताही तो भिंतीला टेकून म्हणाला की नवीन आवृत्ती आपल्याला पसंत नाही. इस्पितळातलं नेट मध्येच गेलं तर निकाल आत अडकून पडतील, वर पोहोचणार नाहीत, आणि सुटतील तेव्हा भरल्याच्या वेळेऐवजी सुटल्याची वेळ लावून घेतील. आपल्याकडे तपासणीत दोनदा झालंय. आणखी थोडा वेळ द्या.

साहेबांना वेळ नव्हता. सोमवारी मोठ्या इस्पितळाला नवी आवृत्ती दाखवायची होती. गायीवर आज चढवू, तिनं हंबरडा फोडला नाही तर उद्या सगळीकडे, असं त्यांनी तोंडातला घास न गिळताच सांगितलं. मग इस्पितळाचं नाव घेतलं.

ताईचा चमचा थांबला.

“तिथं माझी नणंद आहे. प्रयोगशाळेतच.”

“मग तर बरंच झालं,” साहेब म्हणाले. “घरचंच माणूस. बोंबलणार तरी नाही.”

खोली हसली. ताईही हसली, म्हणजे तिचे ओठ तसे झाले. शंकासुर हसला नाही, पण तो कधीच हसत नसल्यामुळे ते कुणी हिशेबात धरलं नाही. जेवणानंतर ताईनं आपल्या जागेवर बसून मंजुरीचं बटण दाबलं. तिच्या मंजुरीशिवाय काही चढत नसे, हीही शिस्त तिनंच लावलेली होती.

दुपार शांत गेली. तक्रारींच्या पडद्यावर त्या इस्पितळाच्या नावापुढं काहीही आलं नाही. साहेब दोनदा येऊन बघून गेले आणि दोन्ही वेळा ताईच्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारून गेले. संध्याकाळी शंकासुरानंच आपल्या यंत्रावर तो बिघाड पुन्हा घडवून दाखवला, मग दुरुस्ती झाली, इस्पितळात दुरुस्त आवृत्ती गेली. बाकी सगळ्यांना पहिल्यापासून धडच मिळाली. साहेबांनी सगळ्यांना कळवलं की आपल्या योजनेला तोड नाही. योजनेत चूक खरोखरच काढता आली नसती. ती ठरल्याप्रमाणे चालली होती.

रविवारी ताई नवऱ्याबरोबर सासूबाईंकडे गेली. नणंद तिथंच राहायची, नवऱ्याला सोडून आल्यापासून. तिची मुलगी आणि आजी एकाच खोलीत झोपत. नणंद पलंगावर पाय लांब करून बसली होती आणि सासूबाई तिच्या पोटऱ्यांना तेल चोळत होत्या.

“पळत होती म्हणे,” सासूबाई म्हणाल्या. “या वयात.”

नणंदेनं हसत हसत सांगितलं. शुक्रवारी दुपारी निकाल भरले की पडदा गोठायचा. वरून फोन, अजून आलं नाही, अजून आलं नाही. मग तिनं निकाल चिठ्ठ्यांवर लिहिले आणि जिन्यानं वर नेऊन दिले. लिफ्ट रुग्णांनाच पुरत नाही. संध्याकाळपर्यंत ती वरखाली करत होती. शेवटी शेवटी कठड्याला धरून चढली. सगळ्या चिठ्ठ्या हातात दिल्या, एक तेवढी वॉर्डातल्या टेबलावर ठेवावी लागली, तिथं कुणी नव्हतं. ती चिठ्ठी कशाखाली तरी गेली. एका आजोबांच्या रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलेलं होतं, ते डॉक्टरांना फार उशिरा कळलं. आजोबा अतिदक्षता विभागात आहेत, पण वाचतील म्हणतात.

ती आता हसत नव्हती.

“चौकशी लावलीय. कॉम्प्युटरमध्ये दिसतंय की मी तो निकाल संध्याकाळी भरला. मी तर दुपारीच भरला होता, वहिनी. ते म्हणतात, मशीन खोटं बोलत नाही, तूच टाळाटाळ केलीस.”

ताईनं विचारलं, “मग तू तक्रार का नाही टाकलीस? एक फोन करायचा होता.”

सासूबाईंचे हात थांबले. नणंदेनं भावाकडे पाहिलं, मग ताईकडे. एखाद्या लहान मुलाला उघड दिसणारी गोष्ट समजावून सांगावी, तशी ती म्हणाली,

“अगं, तुझं काम ना ते. तक्रार गेली की तुला बोलणी बसणार. मी कधीच टाकत नाही. मागच्या वेळी बंद पडलं होतं तेव्हाही नाही टाकली, त्याच्या आधीही नाही. बाकीच्या मुलींनासुद्धा सांगून ठेवलंय, कुणी फोन करायचा नाही, माझी वहिनी आहे तिथं.”

तिच्या आवाजात थोडा तोराही होता. ताईला तेलाचा वास एकाएकी सोसवेना. ती उठून खिडकीपाशी गेली, पण खिडकी आधीच उघडी होती.

घराशी आल्यावर नवरा एवढंच म्हणाला की बंद पडलं होतं असं तू लिहून दे, झालं. त्याला ते सोपं वाटत होतं, आणि तसं ते होतंही.

इस्पितळाचं पत्र मंगळवारी आलं. प्रश्न एकच होता: शुक्रवारी दुपारी आपली प्रणाली बंद होती काय? उत्तरावर ताईची सही लागणार होती. शंकासुर आपण होऊन तिच्या टेबलाशी आला. त्यानं बिघाडाचं सगळं वर्णन टाइप करून आणलं होतं. वेळ कशी चुकीची लागते तेही त्यात होतं.

“मी खाली माझं नाव घातलंय,” तो म्हणाला. “माझ्या नावाला इथं कोण विचारतं. तुझी सही असेल तर ती बाई सुटेल.”

ताईनं कागद घेतला आणि साहेबांकडे गेली. साहेब दात कोरत होते. कागद त्यांनी वाचला, काडीचं टोक निरखलं आणि काडी कागदावरच ठेवून दिली.

“बसा,” ते म्हणाले. मग बराच वेळ मऊ आवाजात बोलले. नणंद त्यांचीही कुणीतरी असल्यासारखे बोलले. त्यांना वाईट वाटत होतं. पण हे लिहिलं की शून्याचा एक होणार, एक झाला की वर प्रश्न विचारणार, पहिलं इस्पितळ कसं निवडता, मंजुरी कोण देतं. “आणि मंजुरी कोण देतं?” असं त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी माहीत नसल्यासारखं. शिवाय ती तुमची नातेवाईक. लोक म्हणतील, घरच्यांना वाचवायला कंपनीला बुडवलं. तेव्हा लिहा, प्रणाली सुरू होती.

“सुरू नव्हती,” ताई म्हणाली.

“बरं, मग तुम्हीच सांगा, काय लिहायचं.”

तिला वाटलं होतं की ते ओरडतील. ओरडले असते तर तिनं कदाचित शंकासुराच्या कागदावर सही करून टाकली असती. साहेबांनी काडी पुन्हा तोंडात घातली आणि ते वाट बघत बसले. ताईच्या डोक्यात वाक्य फिरत होतं. ती एकेक शब्द काढत होती, घालत होती. अखेर तिनं एक वाक्य तयार केलं ज्यात खोटं काहीच नव्हतं.

‘सदर दिवशी आपल्या इस्पितळाकडून प्रणाली बंद असल्याबाबत तक्रारीची नोंद आमच्याकडे नाही.’

“वा,” साहेब म्हणाले. “मला नसतं सुचलं.”

बाहेर येताना ताईच्या मनात काय आलं? आपण साहेबांना खोटं लिहू दिलं नाही, हे. जिन्याच्या वळणापर्यंत तिला खरोखरच झुंज देऊन आल्यासारखं वाटत होतं. वळणावर मात्र तिनं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग जागेवर येऊन तिनं पत्रावर सही केली आणि ते पाठवून दिलं. शंकासुराला तिनं सांगितलं की मधला मार्ग काढलाय. त्यानं आपला कागद परत मागितला. त्यावर काडीचा ओला डाग होता. घडी घालताना त्यानं तो आतल्या बाजूला जाईल असं पाहिलं, आणि त्यानंतर तो तिला ताई म्हणेनासा झाला. मॅडम म्हणू लागला.

इस्पितळानं नणंदेला काढलं. त्यांना कंपनीच्या पत्रात जे हवं होतं तेच मिळालं. आता दोष ठेवायला एकच जागा उरली होती, आणि ती जागा रिकामी करणं त्यांच्या हातात होतं. काही दिवसांनी नणंदेचा फोन आला. ताईनं तो वाजू दिला, मग उचलला.

“पत्र दाखवलं मला त्यांनी,” नणंद म्हणाली. “खाली तुझी सही होती.”

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“वाचलं मी दोन-तीनदा. निदान खोटं तरी नाही लिहिलंस, वहिनी. दुसरं कुणी असतं तर सरळ लिहिलं असतं, बंद नव्हती म्हणून. तुझ्यावर किती दबाव आला असेल. मी आईलाही तेच सांगितलं, की तिच्याकडून होतं तेवढं तिनं केलं.”

“अगं…”

“आणि तक्रार मीच नाही टाकली ना. त्यात तू काय करणार?”

मग तिनं ओळखीच्या औषधांच्या दुकानात बोलणं चाललंय असं सांगितलं. काउंटरवर उभं राहायचं काम आहे, पण जिना नाही, हे बरंय. पोरीला अजून खरं सांगितलेलं नाही, रजा आहे म्हणालेय, तेव्हा घरी आलात तर जरा सांभाळून बोला. फोन ठेवताना तिनं भावाला डबा वेळेवर खायला सांग म्हणून बजावलं.

वर्ष संपलं. साहेब पडद्यामागे गेले. ताई त्यांच्या खुर्चीत बसली. सीट अजून दुसऱ्याच कुणाच्या बैठकीनं दबलेली होती. आजोबा घरी गेले. इस्पितळाचं नाव राहिलं, कंपनीचं शून्य राहिलं, योजना राहिली. शंकासुराचंही काही गेलं नाही, असं तो म्हणे. हे सगळं एकाच बाईच्या जिवावर निभावलं होतं, आणि ती दुकानाच्या काउंटरमागे उभी राहून, कुणी ओळखीचं भेटलं की सांगत होती, माझ्या वहिनीला बढती मिळाली.