खालचं मिस्त्रीचं, वरचं बाबांचं

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासऱ्यांची जुनी गाडी आधीपासून होती. म्हणून ती थोरली आणि मी धाकटी. थोरलीला स्वतंत्र शेड, ताडपत्री, दर रविवारी आंघोळ. "वयानं मोठी आहे, मान ठेव," सासूबाई मला म्हणायच्या, आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, खरोखर खूश व्हायचे.

गेले दोन महिने थोरलीचं तेल गळत होतं. थेंबथेंब नव्हे, चालवून आणली की खाली ठेवलेला पत्र्याचा डबा तासाभरात निम्मा भरायचा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथलं सील गेलंय, असं मिस्त्रीनं सांगितलं. गिअरबॉक्स उतरवून त्यानं नवं सील बसवलं. ते आठ दिवसांत गेलं. दुसरं चार दिवसांत.

आज तिसरं बसलं होतं, आणि बाबांनी माझ्या लेकीला शब्द दिला होता: तेल थांबलं की टेकडीपर्यंत पहिली फेरी तिची. ती तीन वर्षांची. मी मात्र एकदा ओणवी होऊन पाहिलं होतं, तेल पडायचं ते बरोबर सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर. चर्र आवाज आणि निळसर धूर. पेटायला एवढं पुरतं.

"बाबा, तिला पुढच्या आठवड्यात नेलं तर?"

"कॉलेजात काय शिकलीस तू?"

"रसायनशास्त्र."

"मग ही गाडी आहे, परीक्षानळी नाही."

सासूबाई पायरीवर बसून हसल्या. नवरा कामावर होता. असता तरी तोही हसला असता.

या घरातली एक रीत सांगायला हवी. पूर्वी कुणा कारागिरानं बॉनेटखाली काहीतरी मोडलं, तेव्हापासून बाबांनी तिथे परक्याचा हात लागू दिला नाही. खालचं मिस्त्रीचं, वरचं बाबांचं. मिस्त्रीही मुकाट पाळायचा. "काका सांगतील तिथंच बसायचं," तो म्हणायचा. "जावयासारखं."

तो आता पुठ्ठा अंथरून गाडीखाली झोपला होता, हातात टॉर्च. बाबा स्टिअरिंगवर, शेजारी लेक. मी उघड्या बॉनेटपाशी उभी राहिले, कारण बॉनेटखालच्या फटीतून लेकीचा चेहरा दिसत होता.

दहा मिनिटं इंजिन मंद चाललं.

"कोरडं!" खालून मिस्त्री ओरडला.

बाबांनी विजयी चेहऱ्यानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला. तेवढ्यात मला दिसलं, तेल मोजायची पट्टी आपोआप वर सरकली. बोटभर. त्यांनी आणखी दाबला, ती दोन बोटं वर आली आणि तिच्या बुडाशी तेलाचे बुडबुडे आले.

"बाबा, पट्टी वर येतेय."

"दाब की मग!"

मी दाबली. आतून कुणीतरी माझं बोट परत ढकललं. शिट्टी तुंबलेल्या कुकरचं झाकण असंच हाताला लागतं. मग वाफ जायची वाट कुठे आहे? मी शोधू लागले. इंजिनाच्या वरच्या झाकणातून एक आखूड नळी निघाली होती. तिच्या तोंडात बूच ठोकलेलं, वर फडकं, त्यावर तारेचे वेढे.

"हे बूच कशाला?"

"मी लावलंय. त्यातून धूर यायचा, हिला मळमळायचं."

"माझ्यावर ढकलू नका," सासूबाई म्हणाल्या. "मी नुसतं वास येतो म्हटलं होतं."

मिस्त्री घसरत बाहेर आला. "इंजिन बंद करा काका. हे कधी लावलं?"

"झाले असतील दोन महिने."

गळतीही दोन महिन्यांचीच होती.

"तिनं श्वास कुठून सोडायचा, काका? सीलमधूनच सोडणार ना! तीन वेळा तो गिअरबॉक्स छातीवर घेतला मी." त्यानं पकडीनं तार तोडली. बूच फट्कन उडून पत्र्यावर आदळलं आणि नळीतून काळा, गरम फुत्कार निघाला.

मी तोवर दार उघडून लेकीला कडेवर घेतलं होतं.

मिस्त्री पुन्हा वाकला. "सील आतून ढकललं गेलंय. ओलं दिसतंय. गाडी हलवू नका, उद्या परत उतरवतो."

"रोग सापडला की रोगी बरा झाला," बाबा म्हणाले. कान लाल झाले होते त्यांचे. "बसव गं तिला."

"नाही, बाबा."

पाच वर्षांत हे दोन शब्द मी एकत्र उच्चारले नव्हते. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या हातून दुधाचं पातेलं निसटलं.

"काका, वहिनींचं बरोबर—"

"खालचं तुझं," बाबा म्हणाले. "वर बोलू नकोस."

त्यांनी स्वतः बॉनेट आपटलं आणि गाडी बाहेर काढली. लेक रडत माझ्या खांद्यावर बुक्क्या मारत होती. मी फाटकाबाहेर गेले. रस्त्यावर आधी पावलापावलावर एक थेंब होता. विजेच्या खांबापाशी वीतभर अंतर. वळणावर थेंब नव्हतेच. अंगठ्याएवढी सलग, चमकती रेघ होती, आणि ती चढाकडे वळली होती.

मिस्त्रीला हाक मारायची गरज पडली नाही. तो फोन लावत होता आणि बाबांचा फोन आत कपाटावर वाजत होता. त्यानं शेडच्या कोपऱ्यातली वाळूची बादली आपल्या स्कूटरवर पायांमध्ये ठेवली आणि तो रेघेमागे गेला.

सासूबाई अनवाणी फाटकापर्यंत आल्या. दोघी ऐकत राहिलो. इंजिनाचा आवाज चढावर बारीक होत गेला, मग एकदम थांबला.

"पोचले वाटतं टेकडीवर," त्या म्हणाल्या.

मी लेकीचं तोंड खांद्यात घट्ट दाबून धरलं. टेकडी अजून बरीच लांब होती.